शंभर माणसांचं स्वतंत्र गाव: होगे हालिगचा भूगोल, कारभार आणि वारसा

रायगड जिल्ह्यात राहून भूगोल शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे: "जर्मनीत शंभर-दीडशे वस्तीच्या गावालाही स्वतःची निवडून आलेली परिषद आणि सरपंच असतो, हे खरं का? इतक्या लहान गावाला कारभार परवडतो कसा? आणि अशी गावं शेजारच्या मोठ्या गावात विलीन का करत नाहीत? एखादं खरं गाव घेऊन समजावून सांगाल का?"

खरं आहे. मी उत्तर जर्मनीत ग्रामीण नियोजनाचं काम करतो आणि अशा लहान गावांचे आराखडे, रस्ते, घरबांधणीचे प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावर असतात. उदाहरणासाठी मी होगे घेतो. श्लेसविग-होल्स्टाइन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, नॉर्डफ्रीसलांड जिल्ह्यात, उत्तर समुद्रातलं हे गाव. लोकवस्ती शंभरच्या आसपास, क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरपेक्षा थोडं कमी. गावात ये-जा फक्त बोटीने. माझ्या मते जर्मन ग्रामकारभार समजून घ्यायला याहून चांगलं गाव नाही, कारण इथे कोणतं काम गावाने करायचं आणि कोणतं वरच्यांनी, हे शेवटी समुद्राने ठरवलं आहे. म्हणून आधी भूगोल.

होगे ही एक हालिग आहे. हालिग म्हणजे समुद्राच्या अगदी थोडी वर असलेली, पूर्ण सपाट, खाऱ्या गवताची जमीन, जिला मुख्य भूमीसारखा उंच बांध नसतो. तुम्ही रायगडच्या आहात, खाजण तुमच्या परिचयाचं आहे. उधाणाला पाणी शिरतं, ओहोटीला निथळतं, मधूनमधून खाडीचे नागमोडी फाटे आत आलेले असतात. तसंच खाजण किनाऱ्यापासून तोडून समुद्रात मोकळं ठेवलं आणि त्यावर माणसं वसली, अशी कल्पना करा. जर्मनीच्या किनाऱ्यावर अशा दहा हालिग आहेत. त्यातली लांगनेस सर्वांत मोठी, होगे दुसरी. सभोवती वाडन समुद्राचा उथळ, चिखलाचा पट्टा. ओहोटीला मैलोन् मैल तळ उघडा पडतो.

हा प्रदेश असा पहिल्यापासून नव्हता. जानेवारी १३६२ च्या महापुरात इथली वसलेली जमीन गिळली गेली आणि रुंगहोल्ट नावाचं व्यापारी ठिकाण नाहीसं झालं. त्याच्या मोठ्या चर्चच्या पायाच्या खुणा संशोधकांना २०२३ मध्ये ज्युडफाल हालिगजवळच्या चिखलाखाली सापडल्या. पुढे ऑक्टोबर १६३४ च्या एका रात्रीत ष्ट्रांड नावाचं मोठं बेट फुटलं. हजारो माणसं गेली आणि बेटाचे जे तुकडे उरले तेच आजचे पेलवोर्म आणि नॉर्डष्ट्रांड. होगेचं चर्च त्याच आपत्तीनंतरचं, १६३७ ते १६४२ या काळात उभं राहिलेलं, आणि त्यातलं काही सामान १६३४ ला बुडालेल्या चर्चमधून आणलेलं आहे. जर्मनीतल्या गावात वारसा म्हटलं की लोक किल्ला किंवा जुना चौक शोधतात. होगेचा वारसा असा वाचवून आणलेल्या वस्तूंचा आहे.

आता वार्फ्ट. ही गोष्ट जरा सावकाश पाहू, कारण गावाचा सगळा कारभार तिच्याभोवती फिरतो. वार्फ्ट म्हणजे माणसांनी पिढ्यानपिढ्या माती आणि शेण टाकून उभारलेला उंचवटा. होगेवर असे दहा उंचवटे आहेत आणि घरं फक्त त्यांच्यावर. हान्सवार्फ्ट सर्वांत मोठी. किर्खवार्फ्टवर चर्च, पाद्र्याचं घर आणि दफनभूमी. वार्फ्टच्या मधोमध पावसाच्या पाण्याचं तळं असतं, त्याला फेथिंग म्हणतात. ते गुरांसाठी. माणसांच्या पिण्यासाठी वेगळी विहीर, तिला झोड म्हणतात. तिचं तोंड अरुंद, पोट रुंद. चारही बाजूंना खारं पाणी असताना गोड पाणी साठवायचं तर आकाशातूनच घ्यायला हवं, म्हणून घरं तळ्याभोवती गोलाकार. १९६० च्या दशकात समुद्राखालून नळाचं पाणी आलं. तोवर एखाद्या मोठ्या उधाणाने तळ्यात खारं पाणी शिरलं की गुरांच्या पाण्याचे हाल सुरू व्हायचे. विजेची तार आली तीही साधारण त्याच पिढीच्या डोळ्यांसमोर.

घरांची रचनाही पाण्याचा विचार करून केलेली. जुन्या हालिग घराचं छप्पर भिंतींवर टेकत नाही. ते जाड लाकडी खांबांवर उभं असतं आणि खांब वार्फ्टच्या मातीत खोल गाडलेले. विटांच्या भिंती म्हणजे नुसती मधली भर. लाटांनी भिंती फोडल्या तरी खांब आणि माळा टिकावा आणि माणसांनी माळ्यावर जीव वाचवावा, हा हिशेब.

हालिगवर झाडं नाहीत, म्हणजे सरपण नाही. म्हणून हिवाळाभर गोठ्यात साठलेलं शेण वसंतात वार्फ्टच्या उतारावर पसरायचं, तुडवून सपाट करायचं, चौकोनी तुकडे कापायचे, उभे करून वाळवायचे आणि वर्षभर चुलीत जाळायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात समजावून सांगावं असं काही नाही, गोवऱ्याच त्या. पण जर्मन लोकांना मात्र हे फार परकं वाटतं. संग्रहालयात त्या ठेवलेल्या पाहून ते थबकतात.

अठराव्या शतकात इथे पैसाही होता. हालिगचे पुरुष डच आणि इतर जहाजांवर खलाशी, सुकाणूधारी, कप्तान म्हणून जात, ग्रीनलंडकडे देवमाशांच्या शिकारीला जात. उन्हाळाभर गाव बायकांच्या हाती असे. गवत कापणं, गुरं, मुलं, आणि आलं तर पाणीसुद्धा. परतलेल्या कप्तानांनी हॉलंडहून निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या फरशा आणल्या आणि घरातली बैठकीची खोली जमिनीपासून छतापर्यंत मढवली. हान्सवार्फ्टवर अशी एक खोली जशीच्या तशी आहे. कप्तान टाडे हान्स बान्डिक्सच्या घरातली ती खोली 'राजाची बैठक' म्हणून ओळखली जाते, आणि त्या नावामागे एक दुःखद वर्ष आहे.

फेब्रुवारी १८२५ च्या ३ आणि ४ तारखेला जे पाणी आलं ते सगळ्या हालिगांवरून गेलं. ७४ माणसं बुडाली. कित्येक वार्फ्ट धुपून गेल्या, घरं राहण्याजोगी उरली नाहीत. अनेक कुटुंबांनी हालिग कायमची सोडली आणि शेजारच्या फ्योर बेटावर नव्याने संसार मांडला. तेव्हा हा मुलूख डेन्मार्कच्या राजाकडे होता. त्या उन्हाळ्यात राजा सहावा फ्रेडरिक नुकसान पाहायला स्वतः आला आणि हवामानामुळे त्याचा एक रात्र मुक्काम या फरशांच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगावर पडला. पर्यटकांना पलंग दाखवतात, तो पाहण्यासारखाही आहे. मला मात्र त्या भेटीत कारभाराचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: असलं संकट एकट्या गावाच्या आवाक्यातलं नाही आणि इथे वरच्या सत्तेने हात दिलाच पाहिजे, ही गोष्ट २०० वर्षांपूर्वीच राजाच्या दारात पोचली होती.

पुढचा मोठा टप्पा १९६२. फेब्रुवारीतल्या त्या पुराने हांबुर्ग शहरात तीनशेहून जास्त बळी घेतले, म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. हालिगांवरही घरांची आणि गुरांच्या पाण्याची दैना झाली. त्यानंतर राज्याने हालिगांची घरं पद्धतशीर सुधारली. प्रत्येक राहत्या घरात वरच्या मजल्यावर एक आसऱ्याची खोली केली. ती खोली घराच्या भिंतींवर अवलंबून नाही. तिला स्वतःचे काँक्रीटचे खांब आहेत आणि ते वार्फ्टच्या पोटात खोल गेलेले. म्हणजे जुन्या लाकडी खांबांचीच कल्पना नव्या साहित्यात. बाकी घर कोसळलं तरी ती खोली उभी राहावी. जानेवारी १९७६ चा पूर, डिसेंबर २०१३ चं 'झेवर' वादळ, दोन्ही वेळा पाणी चढलं आणि माणसं सुखरूप राहिली.

पाणी चढण्याच्या दिवसाबद्दल थोडं सांगतो. हांबुर्गचं केंद्रीय सागरी व जलविज्ञान कार्यालय उधाणाचे अंदाज देतं. सरासरी भरतीच्या वर दीड मीटर पाणी येणार असेल तर वादळी उधाण, अडीच मीटरला तीव्र आणि साडेतीन मीटरला अतितीव्र. हालिगवरच्या लोकांना मात्र अंदाजासोबत वाऱ्याची दिशा आणि तो किती तास त्याच बाजूने वाहतोय हे पाहूनच कळतं. गुरं वार्फ्टवर आणायची, गाड्या, सायकली, गवताचे गठ्ठे वर घ्यायचे, दारांना फळ्या लावायच्या. काही तासांत शेतं, रस्ते, कुंपणं दिसेनाशी होतात आणि दहा वार्फ्टची दहा बेटं होतात. पाणी उतरलं की कुंपणांना अडकलेला काडीकचरा आणि लाकडं उचलायची. इथे ही सरावाची गोष्ट आहे. पुराची चर्चा लोक आपल्याकडे पहिल्या पावसाची करतात तशी करत नाहीत, कामाला लागतात.

होगेवर हे वर्षातून मोजक्याच वेळा घडतं. इतर हालिगांवर बरंच जास्त. फरक आहे तो बांधाचा. १९११ ते १९१४ या काळात होगेच्या भोवती दगडी धारेचा एक ठेंगणा बांध घातला, कमरेपेक्षा थोडाच उंच. याला उन्हाळी बांध म्हणतात, कारण उन्हाळ्यातली लहानसहान उधाणं तो अडवतो आणि चारा वाचवतो. हिवाळ्यातली मोठी उधाणं त्याच्यावरून सरळ आत येतात आणि मग उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारातून, ओहोटीला पाणी सोडावं लागतं. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा बांध वरदान होता. जमिनीचा किनारा खचायचा थांबला, गवत हमखास मिळू लागलं, मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांची गुरं उन्हाळ्यापुरती चरायला घेऊन पैसे मिळू लागले.

पण इथेच या भूगोलातली सर्वांत अवघड गाठ आहे, आणि विद्यार्थ्यांनी ती नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. हालिग उंच होते ती पाणी आल्यामुळे. प्रत्येक पुराबरोबर गाळ येतो, गवतात अडकतो आणि एक पातळ थर ठेवून जातो. समुद्राची पातळी वाढत असताना हालिग टिकायची तर हा थर साठत राहिला पाहिजे. बांधामुळे होगेवर पाणी कमी वेळा येतं, म्हणून गाळही कमी बसतो. संशोधकांनी वेगवेगळ्या हालिगांवर गाळ मोजला, तेव्हा होगेची जमीन समुद्राच्या पातळीच्या वेगाने वाढत नाही हे स्पष्ट झालं. नॉर्डष्ट्रांडिशमोर या जास्त वेळा बुडणाऱ्या हालिगवर चित्र बरं आहे. म्हणजे आज ज्या बांधाने चारा वाचतो, तोच बांध पन्नास-शंभर वर्षांच्या हिशेबात जमीन खाली ठेवतो. मग उघाड्या हिवाळ्यात उघड्या ठेवून मुद्दाम गाळाचं पाणी आत घ्यावं का? किती? कोणाच्या कुरणात? हे प्रश्न अभियंत्याच्या कागदावर सुटत नाहीत. ज्यांच्या गुरांचा चारा खारा होणार त्यांना बसून ठरवावे लागतात. आणि तिथे आपण कारभाराकडे येतो.

जर्मन राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने प्रत्येक गावाला हमी दिली आहे: स्थानिक समाजाचे सगळे विषय कायद्याच्या चौकटीत स्वतःच्या जबाबदारीवर हाताळण्याचा हक्क. यात लोकसंख्येची अट नाही. होगेला हा हक्क आहे तसाच म्युनिकला आहे. देशात अशा स्वायत्त गाव-शहरांची संख्या दहा हजार सातशेच्या घरात. एकट्या श्लेसविग-होल्स्टाइनमध्ये अकराशेच्या आसपास, तर त्याहून कितीतरी मोठ्या लोकसंख्येच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात फक्त ३९६. कारण त्या राज्याने १९७५ पर्यंत धडाक्याने विलीनीकरण केलं आणि श्लेसविग-होल्स्टाइनने दुसरा रस्ता धरला.

तो रस्ता म्हणजे 'आम्ट'. गाव निर्णय घेणार, पण कारकुनी, हिशेब, दाखले, करवसुलीची पत्रं, निविदा हे सगळं आम्ट करणार; अनेक गावांचं मिळून एक आम्ट. होगे, लांगनेस, ग्रोडे आणि पेलवोर्म या चार गावांचं मिळून पेलवोर्म आम्ट बनतं, आणि त्याचा दैनंदिन कारभार किनाऱ्यावरच्या हुसूम शहराच्या प्रशासनाकडे सोपवलेला आहे. त्यामुळे होगेवर पगारी नोकरशाही जवळजवळ नाहीच. सरपंच मानद, आपला व्यवसाय सांभाळून काम करणारा. त्याला मिळतो तो खर्चापुरता भत्ता. "परवडतं कसं?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. महागडा भाग कार्यालयाचा असतो, निर्णयाचा नव्हे.

परिषद लोक निवडून देतात, दर पाच वर्षांनी. मागची निवडणूक मे २०२३ ची. या राज्यात स्थानिक निवडणुकीला १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना मत आहे आणि युरोपीय संघातल्या इतर देशांच्या रहिवाशांनाही. होगेच्या आकाराच्या गावाला सात सदस्यांची परिषद असते. आपल्याकडेही ग्रामपंचायतीची किमान सदस्यसंख्या सातच. फक्त तिथे सात सदस्य शंभर माणसांमागे. सरपंच थेट जनतेतून न येता सदस्यांतून निवडला जातो. एवढ्या लहान गावांत राष्ट्रीय पक्षांपेक्षा स्थानिक मतदार गटांचं चालतं. सभा जाहीर असतात, आणि सभेत रहिवाशांच्या प्रश्नांसाठी राखीव वेळ ठेवावा लागतो, तो कायद्याने. अशा सभा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सांडपाण्याच्या नळीवर तासभर बोलतात, कारण प्रत्येकाला ती नळी कुठून जाते ते ठाऊक असतं आणि कोणाच्या अंगणात खणावं लागेल तेही. बाहेरच्याला कंटाळवाणं वाटेल. मला त्यात लोकशाहीचं फार प्रामाणिक रूप दिसतं: ठराव मांडणारा, विरोध करणारा आणि उद्या फावडं घेऊन येणारा, बहुतेक वेळा तीच माणसं.

ग्रोडे तर आणखी पुढचं उदाहरण. तिथे वार्फ्ट दोनच आणि माणसं दहाच्या आसपास. राज्याच्या कायद्यानुसार ७० पर्यंत रहिवासी असलेल्या गावात परिषद निवडतच नाहीत; सगळे मतदार मिळून जी सभा होते तीच निर्णय घेते. घटनेच्या त्याच २८ व्या कलमात निर्वाचित मंडळाऐवजी अशा सभेची मुभा आहे. आपली ग्रामसभा ग्रामपंचायतीच्या जोडीने चालते. ग्रोडेमध्ये ग्रामसभाच सर्व काही.

मग कोणतं काम कोणाचं? होगेच्या परिषदेकडे गावातले रस्ते, जमिनीचा वापर आणि बांधकामाचे आराखडे, पर्यटकांची सोय, अग्निशमन. अग्निशमन दल स्वयंसेवकांचं. ते उभं ठेवणं हे प्रत्येक गावाचं बंधनकारक काम आहे, मग गाव शंभराचं असो. शाळेतली मुलं अगदी मोजकी, एकाच वर्गात वेगवेगळ्या इयत्तांची. शिक्षकाची नेमणूक आणि पगार राज्याकडे, इमारतीची व्यवस्था स्थानिक पातळीवर. गावात डॉक्टर नाही. परिचारिका सेवा आहे आणि गंभीर प्रसंगी हेलिकॉप्टर. कचरा, बांधकाम परवाने, सामाजिक मदत हे नॉर्डफ्रीसलांड जिल्ह्याचं. आणि समुद्र? तो राज्याचा. किनाऱ्याची दगडी धार, बांध, वार्फ्टचं मजबुतीकरण हे काम किनारासंरक्षण, राष्ट्रीय उद्यान आणि सागरसंरक्षण यांच्या राज्य यंत्रणेकडे आहे. तिचं मुख्यालयही हुसूमलाच. मोठ्या कामांचा ७० टक्के खर्च केंद्र उचलतं आणि ३० टक्के राज्य. गेल्या काही वर्षांत हान्सवार्फ्टचे उतार रुंद करून ती उंच केली आणि पुढच्या पिढ्यांसाठी आणखी भर घालता येईल अशी जागा ठेवली. शंभर माणसांच्या करातून हे कधीच झालं नसतं, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. त्या यंत्रणेत हालिगवरचीच माणसं कामाला असतात, ही फार शहाणपणाची व्यवस्था आहे: दगड बसवणाऱ्याचं घर त्याच दगडांमागे असतं.

ही वाटणी जुनी नाही. या किनाऱ्यावर मुख्य भूमीत पूर्वी नियम कडक होता: जो बांध राखणार नाही त्याने जमीन सोडावी. ज्याला आपल्या वाट्याचा बांध सांभाळणं झेपेना, तो बांधात फावडं रोवून निघून जाई. जो ते उपसून घेई, त्याची जमीन आणि त्याचंच ओझं. यातून इथल्या गावांना एकत्र बसून ठरवण्याची सवय लागली, पण गरीब माणूस देशोधडीलाही लागला. आज ओझं सगळ्या देशावर आणि ठरवण्याचा हक्क गावात, इथवर यायला कित्येक शतकं गेली. मला वाटतं, जर्मन ग्रामव्यवस्थेकडून घेण्यासारखं काही असेल तर ही विभागणी.

पैशाचं थोडक्यात. गावाला जमीन-घरपट्टी, व्यवसाय कर, आपल्या रहिवाशांच्या आयकरातला वाटा (देशभरात गावांसाठी १५ टक्के) आणि राज्याचं समानीकरण अनुदान मिळतं. कुत्र्यांवरचा करही गावाचाच. घरपट्टी, व्यवसाय कर आणि कुत्र्यांवरचा कर यांचे दर गाव स्वतः ठरवतं. त्यातून आम्ट आणि जिल्ह्याला वर्गणी द्यावी लागते. होगेला याखेरीज पर्यटकांकडून घेतलं जाणारं शुल्क महत्त्वाचं. उन्हाळ्यात श्लुटझीलच्या धक्क्यावरून बोटी येतात, लोक दिवसभर घोडागाडीतून किंवा सायकलीवर फिरतात, राजाची बैठक आणि चर्च पाहतात, पुराची चित्रफीत पाहतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत. शेती आणि पर्यटन, बहुतेक घरं या दोन्हींवर चालतात.

वारशाबद्दल अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, कारण तीही कारभाराचीच आहे. १९८५ मध्ये वाडन समुद्राचा हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला आणि वस्तीच्या हालिग त्यातून वगळल्या. लोकांना भीती होती की निसर्गरक्षणाच्या नावाने चराई बंद होईल. आधी वाद खूप झाले, विशेषतः हंसांवरून. दर वसंतात सायबेरियाकडे निघालेले काळपट ब्रेंट हंस इथे हजारोंनी उतरतात आणि गुरांच्या आधीच कोवळं गवत फस्त करतात. १९८० च्या दशकात राज्याने हालिग शेतकऱ्यांसाठी भरपाई आणि करारांची योजना काढली: तुम्ही हंसांना चरू द्या, खतं टाळा, आम्ही मोबदला देतो. हळूहळू हंस शत्रू न राहता पाहुणे झाले. आता वसंतात त्यांच्या आगमनाचा उत्सव होतो. आणि २००४-०५ च्या सुमारास पाच मोठ्या हालिग स्वतःहून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रात सामील झाल्या. २००९ मध्ये वाडन समुद्र जागतिक वारसा यादीत गेला. १९८५ च्या सुमारास जे लोक बाहेर राहण्यासाठी भांडत होते, त्यांनी वीस वर्षांनी आपण होऊन आत यायचं ठरवलं. हुकमाने आत घेतलं असतं तर आजही भांडत असते असं माझं स्पष्ट मत आहे.

होगेच्या हद्दीत नॉर्डरओग नावाची एक निर्जन हालिगही येते. १९०९ मध्ये ती पक्षीरक्षणासाठी योर्डझांड संस्थेने विकत घेतली, आणि येन्स वांड नावाच्या माणसाने तिथे चार दशकं राहून सुरय पक्ष्यांच्या वीणीची राखण केली. १९५० मध्ये ओहोटीच्या चिखलातून चालत जाताना समुद्राने त्याला गाठलं. आजही उन्हाळ्यात वाटाड्याबरोबर होगेहून तिकडे चालत जाता येतं; एकट्याने जाऊ नये.

आता विलीनीकरण. शेजारच्या डेन्मार्कने २००७ मध्ये २७० च्या आसपास असलेल्या पालिका ९८ वर आणल्या, तेव्हा इथेही चर्चा झाली. होगे पेलवोर्ममध्ये विलीन केलं तर काय वाचेल? कार्यालय तर आधीच सामायिक आहे. वाचेल फक्त सात मानद सदस्यांचा भत्ता. जाईल काय? उघाडी केव्हा उघडायची, कोणत्या वार्फ्टवर नवं घर बांधू द्यायचं, सुट्टीतली घरं किती होऊ द्यायची, या प्रश्नांवर त्या जागी राहणाऱ्यांचं बहुमत. सुट्टीतल्या घरांचा प्रश्न तर आज सर्वांत कळीचा. वार्फ्टवर जागा मर्यादित असते; एकेक घर बाहेरच्या मालकाकडे गेलं की शाळेतलं मूल, अग्निशमन दलातला माणूस आणि उधाणाच्या रात्री मदतीला येणारा शेजारी कमी होतो. या गोष्टी दुसऱ्या बेटावरून दिसत नाहीत.

तुमच्या अभ्यासासाठी एक सूचना. रायगडच्या खारबंधिस्तीची व्यवस्था महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९ खाली येते. त्या कायद्यात बांध आणि उघाडी कोणाची, दुरुस्ती कोणी करायची आणि लाभधारक शेतकऱ्याचं मत कुठे घेतलं जातं, हे आधी काढा. मग तेच तीन प्रश्न होगेला लावा. आम्टच्या संकेतस्थळावर परिषदेच्या सभांच्या विषयपत्रिका जाहीर होतात, त्या जर्मनमध्ये असल्या तरी यंत्रानुवादाने वाचता येतील. उन्हाळी बांधाची माहिती राज्याच्या किनारासंरक्षण यंत्रणेच्या हालिगविषयक अहवालांत मिळेल. तुलना करताना पाऊस विसरू नका: कोकणात उघाडीला पावसाळ्यात वरून येणारं गोडं पाणीही बाहेर सोडायचं असतं, होगेवर तो भार फारच कमी. दोन्हीकडची उघाडी दिसायला सारखी असली तरी तिचं वेळापत्रक त्यामुळे वेगळं होतं, आणि तिच्यावर हक्क कोणाचा हा वादही.